अकरावं प्रकरण, एकतीस मिनिटं बारा सेकंद

१

खालची पिठाची गिरणी सुरू व्हायच्या आत वाचन उरकायचं, हा श्रवण ग्रंथालयाचा एकमेव नियम होता आणि तोही कोणी पाळत नसे. ग्रंथालय नारायणगुड्याच्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर, गिरणी बरोबर त्याच्या पोटाखाली. साडेदहाला गिरणीचा पट्टा फिरायला लागला की आतल्या खोलीत, भिंतींना ठोकलेल्या गाद्यांमधूनसुद्धा, घरघर यायची आणि माईकपुढं बसलेल्याचं सगळं वाचन वाया जायचं. गिरणी आली तेव्हापासून, म्हणजे तीन वर्षं, शोभा देगलूरकर हे येईल त्याला सांगत होती. त्या सोमवारी श्रुती नावाची नवी मुलगी पावणेअकराला उगवली, ट्रॅफिकला नावं ठेवत माईकपुढं बसली, चार पानांत सहा वेळा ‘यकृत’चं ‘एकृत’ केलं, आणि ‘मराठी वाचायची सवय राहिली नाही हो’ असं हसत सांगून निघून गेली. शोभानं आतल्या खोलीला कुलूप घातलं आणि बाहेर येऊन पंखा मोठा केला.

ती पन्नाशीची होती. सरकारी कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात बावीस वर्षं काढल्यावर, कारखाना विकायला निघाला तेव्हा तिनं स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि अंधांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या या ग्रंथालयात ‘दोन तास येत जाईन’ म्हणून आली. आता दोन हजार पाच साल चाललं होतं आणि दोन तासांचा अख्खा दिवस झाला होता. त्यात फोनची योजना निघाली. सभासदानं घरून फोन करायचा, पुस्तकाचा नंबर दाबायचा, प्रकरणाचा नंबर दाबायचा, की मशीन ऐकवणार. हायटेक सिटीतल्या कुठल्याशा कंपनीनं भंगारात काढायचा संगणक देणगी म्हणून दिला आणि शोभाच्या भावाचा मुलगा पुष्कर, जो गच्चीबावलीला नोकरी करत होता, त्यानं रविवारी येऊन सगळं बसवून दिलं.

बसवलं तेही त्याच्या पद्धतीनं. ग्रंथालयातली बहुतेक जुनी वाचनं विमलताई परळीकरांची. त्यांची अट अशी की माझ्या वाचनाला कोणी हात लावायचा नाही. पण त्यात चुका होत्या, पानं सुटली होती, दुरुस्त्या तर करायच्या होत्या. पुष्करनं जुनी वाचनं एका डिस्कवर ठेवून तिला कुलूप लावल्यासारखं केलं, ती ‘जुनी’. नवी वाचनं दुसरीवर, ती ‘दुरुस्ती’. आणि दोन काचा एकावर एक ठेवून वरून बघावं तसं दोन्ही मिळून एकच नाव तयार केलं: ‘ग्रंथ’. दुरुस्तीत प्रकरण असेल तर ते दिसायचं, नसेल तर नजर आरपार जाऊन खालचं जुनं दिसायचं. फोनचा प्रोग्राम फक्त ‘ग्रंथ’मध्ये बघायचा. खाली दोन थर आहेत हे त्याला ठाऊकच नव्हतं.

“त्याला कळायची गरज नाही, आत्या,” पुष्कर म्हणाला होता. “त्याला पाथ, म्हणजे पत्ता, सांगायचा, त्यानं फाईल मागायची. कुठून आली ते त्यानं विचारायचं नाही.”

शोभाला ही नसती हुशारी वाटली होती. पण आठ महिने या रचनेबद्दल तक्रार नव्हती.

त्या सोमवारी साडेअकराला पहिली तक्रार आली. फोनवर तारनाक्याचे हिम्मतराव कंधारकर होते. जन्मांध माणूस, रेल्वेच्या टेलिफोन एक्स्चेंजवर उभी नोकरी केलेला, बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलगी पुण्यात. आठवड्याला एक तरी तक्रार त्यांची असायचीच आणि ती बहुतेक वेळा खरी निघायची, याचा शोभाला जास्त राग यायचा.

“ताई, सत्तेचाळीस नंबरचं अकरावं प्रकरण ऐका,” ते म्हणाले. “वाचन संपल्यावर आवाज बंद नाही होत. कोणीतरी खुर्ची ओढतंय.”

सत्तेचाळीस म्हणजे निजामाच्या पागेवरच्या एका घोड्यांच्या डॉक्टरच्या आठवणी. शोभा म्हणाली, विमलताई उठल्या असतील, टेप तशीच चालू राहिली असेल.

“उठणं वेगळं असतं, ताई. हे बसणं आहे.”

२

गिरणी दीड ते अडीच जेवायला बंद असते. शोभानं तेव्हा हेडफोन चढवला.

विमलताईंचा करडा आवाज शेवटच्या ओळीपर्यंत आला, ‘प्रकरण अकरा समाप्त’ म्हणाला. त्यानंतर टेप बंद केल्याची खट् यायला हवी होती, ती आली नाही. शांतता सुरू राहिली. रिकाम्या खोलीची शांतता आणि माणूस असलेल्या खोलीची शांतता यांत फरक असतो. पाच वर्षं हेडफोन लावून तिला तो कळायला लागला होता. ही दुसरी होती. मग फरशीवर खुर्चीचे पाय खरवडले. कोणीतरी वजन टाकून बसलं. कागद सारखे केले. आणि या सगळ्याच्या खाली, अगदी बारीक, गिरणीचा पट्टा फिरत होता.

शोभानं हेडफोन काढला. खाली गिरणी बंद होती. बाहेर कुठं तरी रिक्षा रेज होत होती, तेवढंच. हेडफोन लावला, गिरणी सुरू.

विमलताईंनी हे पुस्तक अठ्ठ्याऐंशी साली वाचलं होतं, सुलतान बाजारच्या जुन्या जागेत. तेव्हा ही गिरणी नव्हती आणि ही इमारतही नव्हती.

तिला भीती नाही वाटली, संताप आला. कोणीतरी स्वयंसेवकानं नको तिथं बटण दाबलं होतं आणि आता ते निस्तरत दुपार जाणार होती. तिनं ‘जुनी’ उघडून तिथलं अकरावं प्रकरण थेट लावलं. एकतीस मिनिटं बारा सेकंद; शेवटी खट्. ‘दुरुस्ती’मध्ये अकरावं प्रकरण नव्हतंच, कोणी कधी दुरुस्त केलं नव्हतं. ‘ग्रंथ’मधून तेच उघडलं तर एकतीस मिनिटं बावन्न सेकंद. खाली एक फाईल होती, वर काहीच नव्हतं, आणि दोन्ही मिळून चाळीस सेकंद जास्त भरत होते. तिनं तीन वेळा पडताळून पाहिलं आणि पुष्करला फोन लावला.

पुष्कर मीटिंगमध्ये होता. कॅशमध्ये, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या साठ्यात, काहीतरी अडकलं असेल, रीस्टार्ट मार, असं म्हणाला. शोभा म्हणाली, तुमच्या पिढीला दुसरं काही येत नाही का. त्यावर तो हसला, तेव्हा तिचा तोल गेला.

“मला कंटाळा आलाय रे पुष्कर या सगळ्याचा,” ती म्हणाली. “सरळ एका जागी ठेवलं असतंस तर काय बिघडलं असतं?”

त्यानं शनिवारी येतो असं कबूल केलं. तिनं रीस्टार्ट मारला. अकरावं प्रकरण एकतीस मिनिटं अठ्ठावन्न सेकंदांचं झालं होतं.

३

बुधवारपर्यंत ते छत्तीस मिनिटांचं झालं. शोभानं विमलताईंना बोलावून घेतलं. त्या मागच्याच गल्लीत राहत, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. जिना चढताना दर पायरीला ग्रंथालयाच्या ट्रस्टच्या कारभारावर एक शेरा मारत आल्या. शोभानं एक हेडफोन त्यांना दिला, दुसरा स्वतः लावला.

‘समाप्त’पर्यंत विमलताई मान डोलवत होत्या. पुढं त्यांची मान थांबली.

“हे मी नाही,” त्या म्हणाल्या.

शोभा म्हणाली, ते मलाही कळतंय, पण कोण ते सांगा.

“कोण ते नाही सांगता येणार. पण हा वाचायला बसलाय.” त्यांनी बोट वर केलं. “ऐक. वाचणारा पहिलं वाक्य उच्चारायच्या आधी एक श्वास घेतो, पोटातून. घेतला बघ. आता वाचायला हवं.” त्या थांबल्या. “नाही वाचत. परत घेतला.”

श्वास माईकच्या अगदी जवळ होता. तो घेतला जायचा, धरला जायचा, आणि हळूच सोडून दिला जायचा. चार-पाच वेळा असं झालं. मग लांबून, बंद दारापलीकडून यावा तसा, एका बाईचा वैतागलेला आवाज आला: मला कंटाळा आलाय रे पुष्कर या सगळ्याचा.

विमलताईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. पिशवी उचलली. सून वाट बघत असेल, असं म्हणाल्या आणि एकही शेरा न मारता जिना उतरल्या. आतल्या खोलीच्या दाराकडे त्यांनी पाहिलं नाही.

सोमवारी शोभानं त्या खोलीला स्वतःच्या हातानं कुलूप घातलं होतं. किल्ली एकच, तिच्या पर्समध्ये. तिनं उठून दार उघडलं. खुर्ची टेबलाखाली सरकवलेली, माईकवर कापडी खोळ, पंखा बंद, गाद्यांवर पिठाचा बारीक थर. ती दारातच उभी राहिली आणि आपण आत का जात नाही, यावर स्वतःशीच चिडली. आत जाऊन तिनं टेबलावरून बोट फिरवलं, धूळ पाहिली, बाहेर आली आणि कुलूप दोनदा ओढून बघितलं.

चार वाजता हिम्मतरावांचा फोन आला. शोभानं त्यांना गिरणीच्या आवाजाबद्दल विचारलं. 

“मला गिरणी नाही येत, ताई. मला माझ्या न्हाणीतला नळ येतो. गळतोय म्हणून खाली तांब्या ठेवलाय. तांब्या भरत जातो तसा थेंबाचा आवाज बदलतो. तो आवाज फोनमध्ये आहे.”

तुमच्याच घरातला नळ तुम्हाला फोन कानाला लावल्यावर ऐकू येत असेल, शोभा म्हणाली.

“चाळीस वर्षं हेडसेट घालून बसलो मी. कानातला आवाज आणि खोलीतला आवाज मला वेगळा कळतो. आणि स्वयंपाकघरात स्टुलावर कोणीतरी बसलंय, ते पण फोनमध्येच आहे. घरात हाताला नाही लागत.”

लाईन क्रॉस झाली असेल, असं शोभा म्हणणार होती. पण ज्यानं जन्मभर लाईनी जोडल्या त्याला हे काय सांगायचं. एकच नाव दोघांनी मागितलं होतं. तिला एक मिळालं आणि त्यांना दुसरं. फोन ठेवल्यावर तिनं नामदेवरावांना, म्हणजे ट्रस्टच्या चिटणिसांना, योजना चार दिवस बंद ठेवू या असं सुचवलं. नामदेवराव म्हणाले, पुढच्या बुधवारी देणगीदार बघायला येणार आहेत, तोवर काही बंद नको, आणि त्यांना द्यायच्या अहवालाचं काय झालं.

४

पुष्कर शनिवारी दुपारी आला, येताना चॉकलेट बिस्किटांचा पुडा घेऊन आला आणि पहिला अर्धा तास आत्याची चेष्टा करत होता. मग त्यानं हेडफोन न लावताच आकडे बघितले. जुनी: एकतीस बारा. दुरुस्ती: नाही. ग्रंथ: एक तास चार मिनिटं. चेष्टा थांबली.

“उडवून टाकतो,” तो म्हणाला.

शोभानं विचारलं, खालची तर कुलूपबंद आहे, ती कशी उडवणार.

“खालची नाही उडत. वर एक खूण ठेवायची, पांढऱ्या डागासारखी. ती दिसली की प्रोग्राम समजतो, या नावाचं काहीच नाही. खाली फाईल असते, पण त्याच्यापुरती नसते.”

त्यानं डाग ठेवला. यादीतून अकरावं प्रकरण गेलं. दहानंतर थेट बारा. मग त्यानं आपल्या मोबाईलवरून ग्रंथालयाचा नंबर फिरवला, चार सात, एक एक दाबलं आणि स्पीकर लावला. विमलताई वाचायला लागल्या.

 त्यानं फोन कापला आणि दोन्ही थर उतरवले. आधी ‘दुरुस्ती’, मग ‘जुनी’. आता ‘ग्रंथ’ हे नुसतं नाव उरलं होतं. त्याच्या पोटात आधीपासून काही पडून राहिलं असेल आणि थर चढवल्यावर झाकलं गेलं असेल, तर आता उघडं पडेल, असं तो म्हणाला. त्यानं उघडून दाखवलं. रिकामं होतं. शोभानं खुर्ची ओढून स्वतः बघितलं. एक फाईल नाही.

त्यानं पुन्हा फोन लावला. दहावं प्रकरण मागितलं, मशीन म्हणालं, हे प्रकरण उपलब्ध नाही. बारावं मागितलं, तेच उत्तर. अकरावं मागितलं. विमलताई वाचायला लागल्या.

या वेळी त्यानं स्पीकर लावला नाही. मोबाईल कानाला धरून, पुढं जायचं बटण दाबत दाबत, तो शेवटापर्यंत गेला आणि ऐकत उभा राहिला. शोभाला त्याची पाठ दिसत होती. दोनेक मिनिटांनी त्यानं फोन बंद केला, नुसता कॉल नव्हे, अख्खा फोन.

“गिरणी आहे?” शोभानं विचारलं.

“माझ्या रूमचा एसी आहे,” तो म्हणाला. “टिकटिक करतो तो. मी मालकाला तीनदा सांगितलंय.”

तो खाली बसला. बिस्किटांचा पुडा तसाच होता. मग म्हणाला, “प्रोग्राम नाव घेऊन विचारतो आणि कोणीतरी उत्तर देतं. उत्तर देणारा कोण, हे विचारायची सोयच मी कुठं ठेवली नाही, आत्या. कोणीच ठेवत नाही.”

त्या रात्री तो आपल्या खोलीवर गेला नाही, शोभाकडे झोपला. लहानपणी झोपायचा तसा, हॉलमधला दिवा चालू ठेवून. सकाळी नामदेवरावांचा फोन आल्यावर दोघांनी जाऊन थर परत चढवले.

५

“ताई, मला पाच मिनिटांसाठी डोळे उसने पाहिजेत,” हिम्मतराव सोमवारी म्हणाले. “एकदा येऊन बघून जाता?”

शोभानं घड्याळाकडे बघितलं, अहवालाकडे बघितलं, आणि पर्स उचलली. बस भरगच्च, वर कंडक्टरनं सुटे नाहीत म्हणून वाद घातला. तारनाक्याला पोचेपर्यंत ती इतकी वैतागली होती की भूतबीत असतं तर तिनं त्यालाच झापलं असतं.

घर छोटं होतं: पुढं व्हरांडा, मधली खोली, तिच्या एका बाजूला झोपायची, मागं स्वयंपाकघर आणि न्हाणी. सगळं जागच्या जागी, जसं न बघणाऱ्याच्या घरात असावं लागतं. दिवे कुठंच लावलेले नव्हते. शोभानं सगळे लावले. पलंगाखाली पाहिलं, कपाट उघडलं, खुर्चीवर चढून माळ्यावर डोकावली, न्हाणीत तांब्यात थेंब पडत होता तोही पाहिला. स्वयंपाकघरातलं स्टूल भिंतीला टेकून ठेवलं होतं. त्याच्यावर काही नव्हतं.

“इथं कोणी नाही, हिम्मतराव.”

“बराबर बघितलं?”

“हौ,” शोभा म्हणाली. त्यांच्याशी बोलताना ‘हो’च्या जागी तिच्या तोंडात आपोआप हौ यायचा.

त्यांनी चहा केला, एक थेंब न सांडता. दोघं मधल्या खोलीत बसली. टेबलावर फोन होता.

“तुम्ही दिवे लावत फिरलात तेव्हा ते उठून उभं राहिलं,” ते म्हणाले. “तुम्ही इथं येऊन बसलात, तेव्हा परत बसलं.”

“आत्ता फोन कानाला नाही तुमच्या.”

“नाही. आता ते ऐकायला फोन लागत नाही.”

शोभानं कप खाली ठेवला. तिनं त्यांना सरळ सांगितलं की आजच मुलीला कळवा आणि महिनाभर पुण्याला जाऊन या. हिम्मतराव हसले. मुलीचं, स्वातीचं, घर त्यांना पहिल्यापासून शिकावं लागे, किती पावलांवर भिंत, कुठल्या उंचीवर कडी. आणि शिकून होईतो ती सोफा हलवून टाके. शिवाय तिच्याकडे सगळे दिवसभर बाहेर. इथं निदान, असं म्हणून ते थांबले.

“मी एवढी वर्षं लोकांना लोकांशी जोडून दिलं. मधे बोलायची बंदी असते. ऐकायचं आणि गप बसायचं. म्हणून मला समजतं, ताई. ते श्वास घेतंय आणि वाचत नाही. त्याला कोणी ‘हां, वाचा’ म्हटलंच नसेल.”

“तुम्ही काही म्हणायचं नाही,” शोभा म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. “एक अक्षर बोलायचं नाही त्याच्याशी. मला वचन द्या.”

हिम्मतरावांनी कप गोळा केले, धुतले, पालथे घातले. वचन दिलं की नाही, ते बसमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं. दिलं नव्हतं.

ग्रंथालयात परत येऊन तिनं संगणकाचा प्लग भिंतीतून उपसून काढला, वायर गुंडाळली आणि पर्समध्ये घातली. नामदेवरावांना काय सांगायचं ते नंतर बघता येणार होतं.

६

बुधवारी सकाळी देणगीदार यायच्या आधी स्वातीचा फोन आला, शोभाच्या घरी. काल संध्याकाळपासून बाबांचा फोन एंगेज्ड लागतोय, काकू. शोभानं टेलिफोन एक्स्चेंजला फोन लावला, दहा मिनिटं एकाकडून दुसऱ्याकडे फिरली, शेवटी एक जण म्हणाला, “लाईन खराब नहीं है मॅडम, बात चल रही है.” कुणाशी, ते तो सांगेना. शोभानं आवाज चढवला तेव्हा त्यानं कंटाळून नंबर वाचून दाखवला. तो ग्रंथालयाचा होता.

ती ग्रंथालयात पोचली तेव्हा संगणक वायरीशिवाय पडला होता. बाजूला फोन जागेवर ठेवलेला. तिनं तो उचलला. टोन नव्हता. एक खोली होती. थेंब पडत होता, अगदी भरलेल्या तांब्यात पडावा तसा. मग हिम्मतरावांचा आवाज आला, जवळून, मजेत.

“हौ. पुढं वाचा.”

त्यानंतर पान उलटलं. वाचणाऱ्याचा आवाज शोभाला ऐकू आला नाही, मिनिटभर नुसती शांतता होती. पण त्या शांततेत मधेच हिम्मतराव हसले, मधेच ‘अच्छा?’ म्हणाले. तिनं तीन वेळा त्यांना हाक मारली. रंगात आलेल्या वाचनात दुसऱ्या खोलीतून हाक आली तर माणूस जसा ऐकून न ऐकल्यासारखं करतो, तसे ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “वाचा, वाचा.”

ती रिक्षानं तारनाक्याला गेली. शेजारचे हणमंतराव, रेल्वेतलेच निवृत्त, त्यांच्याकडे दुसरी किल्ली असायची. त्यांनी दार उघडलं. दुपारचे बारा वाजले होते, व्हरांड्यात लख्ख ऊन होतं. मधल्या खोलीत रिसीव्हर टेबलावर काढून ठेवलेला. शोभानं कानाला लावला. आता त्यात काहीच नव्हतं. हिम्मतरावांच्या चपला दारामागं होत्या. काठी खिळ्याला होती. हणमंतरावांनी दोन्ही खोल्या पाहिल्या, न्हाणीत डोकावले, परसदाराची कडी आतून लावलेली होती ती हलवून बघितली.

“कोणाबरोबर तरी गेले असतील,” ते म्हणाले.

बिनचपलेचे, शोभा म्हणाली. बिनकाठीचे.

 घरात कोणी नाही एवढं तर दिसतंय ना, असं हणमंतराव जरा तुटकपणे म्हणाले आणि स्वातीला मोबाईल लावायला व्हरांड्यात गेले. रेंजसाठी ते फाटकापर्यंत चालत जात होते, त्यांचं ‘हॅलो, हॅलो’ लांब जात होतं.

शोभाचं डोकं दुखत होतं. तिला सगळ्यांचा राग आला होता, पुष्करचा, नामदेवरावांचा, त्या हट्टी म्हाताऱ्याचा, आणि परवा वचन न घेता उठून आलेल्या स्वतःचा. तिनं दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबले.

तेवढ्यात स्वयंपाकघरात स्टूल फरशीवरून सरकलं.

तिनं हात काढून बघितलं. स्टूल भिंतीला टेकून होतं. तिनं त्याच्याकडे पुष्कळ वेळ बघितलं आणि ते हललं नाही. मग, आपण काय करतोय याचा विचार करायला स्वतःला वेळ न देता, तिनं डोळे मिटले.

मिटल्याबरोबर खोली भरली. दुसरा शब्द तिला सुचला नाही.

“हिम्मतराव, चला,” ती म्हणाली. चिडूनच म्हणाली. “पुरे झालं. स्वाती तिकडं काळजी करतेय.”

थोडा वेळ काही झालं नाही. मग तिच्या डाव्या दंडाला, कोपराच्या जरा वर, बोटं लागली. आंधळी माणसं वाट दाखवणाऱ्याला धरतात तशी: अंगठा बाहेर, चार बोटं आत, भार न टाकता. ग्रंथालयाच्या जिन्यानं तिनं शेकडो माणसांना असं वर आणलं होतं. ही पकड दुसरी कसली असू शकत नव्हती. तिचा जीव भांड्यात पडला. तिनं डोळे उघडले नाहीत. वळली, आणि दार जिथं असावं तिकडं चालायला लागली, सावकाश, अर्धं पाऊल पुढं राहून. मागून फरशीवर अनवाणी पावलं येत होती.

पाचव्या पावलाला उजव्या दंडाला, कोपराच्या जरा वर, दुसरा हात लागला. तोही भार न टाकता. तोही अगदी बरोबर जागी.

शोभा थांबली. पायाच्या बोटांना ऊन लागत होतं, म्हणजे उंबरठा आला होता. फाटकाकडून हणमंतराव परत येत होते, किल्ल्यांचा जुडगा वाजत होता. ते मोठ्यानं विचारत होते, बाई, कुलूप घालायचं का.

डोळे उघडले तर दोन्ही हात जातील, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

“हिम्मतराव?” ती अगदी हळू म्हणाली.

दोन्ही हातांनी एकाच वेळी, एकाच बेतानं, तिचे दंड हलकेच दाबले.

“बाई?” हणमंतराव पायरीशी आले होते. “डोळ्यांत काही गेलं का?”

तिनं ओठ घट्ट मिटले, पायानं उंबरठा चाचपला आणि पाऊल बाहेर टाकलं. दोघंही तिच्याबरोबर बाहेर आली.